कागद पुढे, गाडी मागे

नवी मुंबईला आंतरराष्ट्रीय सीमा आहे असं मी सांगते, तेव्हा समोरचा माणूस हमखास एकदा माझ्याकडे बघतो. सीमा म्हटलं की अटारी-वाघा आठवतं, काटेरी कुंपण आठवतं. पण उरणच्या बाजूला, करळ फाट्याच्या पुढे न्हावा शेवा बंदराची जी फाटकं आहेत, त्यांतून आत जाणारा बहुतेक प्रत्येक डबा, म्हणजे मालाचा कंटेनर, देश सोडायला निघालेला असतो आणि बाहेर येणारा डबा परदेशातून आलेला असतो. कस्टम्सच्या लेखी ती सीमाच. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदराने वीस फुटी डब्याच्या मापाने सुमारे ७३ लाख डबे हाताळले. दिवसाला सरासरी २० हजार झाले. काही रेल्वेने जातात, पण बहुतेक रस्त्याने. तो रस्ता गव्हाण फाटा, कळंबोली, तळोजा, शीळ फाटा, मुंब्रा बायपास असा करत ठाण्याच्या अंगावर येतो. घोडबंदर रोडवर सकाळी मुलाला शाळेत सोडायला निघालेल्या आईचा आणि न्हावा शेव्याच्या गेटवरच्या खिडकीचा संबंध आहे तो असा.

मी बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे व्यापाऱ्यांची कस्टम्सची कामं करून देणाऱ्याच्या, ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं बघते. १७ वर्षं झाली. ‘स्मार्ट वाहतूक’, ‘इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट’ असे शब्द आता रोज कानावर पडतात, पण ते ऐकून लोकांना वाटतं की हे सगळं सिग्नल आणि कॅमेऱ्यांबद्दल आहे. सीमेच्या फाटकावर मात्र या तंत्रज्ञानाचं काम जरा वेगळं असतं, आणि ते नीट कळलं तर आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्या वादांकडे बघायची नजर बदलते. म्हणून हा लेख.

आधी एक रात्र सांगते, कारण मला हा विषय तिथेच कळला.

नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. बंदरात डबा आत घ्यायचा तर शिपिंग कंपनीकडून ‘फॉर्म थर्टीन’ लागतो. त्यावर जहाजाचं नाव, डब्याचा नंबर, सीलचा नंबर असं सगळं असतं. तेव्हा तो कागदावर असायचा. माझ्याकडून टाईप करताना डब्याच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले. रात्री साडेअकराला चालकाचा फोन आला. “ताई, गेटवाले म्हणतायत नंबर जुळत नाही. गाडी बाजूला लावायला सांगितलीय.” फॉर्म बदलून द्यायला सकाळशिवाय कुणी भेटणार नव्हतं. दुरुस्त कागद गेटवर पोहोचला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पाटोद्याकडचे ते गृहस्थ अकरा तास रस्त्याच्या कडेला होते. ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून त्यांनी चहा केला होता, पाण्याचा कॅन संपला होता, आणि गाडी सोडून लघवीलाही लांब जाता येत नव्हतं, कारण मागून डिझेल काढून नेतात. मला ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “एक खेप गेली, ताई.” त्यांना पैसे खेपेवर मिळायचे.

त्या अकरा तासांपैकी गेटवर प्रत्यक्ष तपासणीला लागले ते दीड-दोन मिनिटं. बाकी सगळा वेळ माहिती यायची वाट बघण्यात गेला. गाडी आधी पोहोचली आणि बरोबर कागद नंतर, एवढीच भानगड होती. सीमेवरच्या बहुतेक रांगा याच जातीच्या असतात.

कुठल्याही फाटकावर, मग ते बंदराचं असो, टोलचं असो की दोन देशांमधलं असो, गाडी थांबवून विचारले जाणारे प्रश्न मोजकेच असतात. तू कोण? गाडीत काय आहे? द्यायचे ते पैसे दिलेस का? आणि तुझ्यावर विश्वास ठेवायला काही अडचण आहे का? हे प्रश्न फाटकावर विचारले की गाडी उभी राहते. ते आदल्या दिवशी, आदल्या गावात, किंवा गाडी चालू असतानाच सुटले, तर फाटकावर फक्त ओळख पटवायची राहते. सीमेवरची सगळी हुशार यंत्रं हेच काम करतात.

दहा सेकंदांची किंमत

आता थोडा हिशेब. हा भाग सोडून देऊ नका, कारण इथेच गंमत आहे.

एक लेन धरा. एका ट्रेलरला सरासरी १ मिनिट लागतं, म्हणजे लेन तासाला ६० गाड्या सोडू शकते. येतात तासाला ५७. ताकद जास्त, गाड्या कमी, मग रांग कशाला लागेल, असं वाटतं. पण गाड्या घड्याळ लावून एकामागून एक येत नाहीत. कधी पाच मिनिटं कुणीच नसतं, मग सात जण एकदम येतात. रिकामी गेलेली पाच मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत. ती वायाच जातात, आणि साचलेली रांग उपसायला लेनकडे तासाला फक्त ३ गाड्यांची उसंत असते. कुणाचे कागद पटकन होतात, कुणाचे रेंगाळतात, त्याची भर वेगळी.

अशा बेभरवशाच्या येण्याचं आणि बेभरवशाच्या तपासणीचं गणित शंभर वर्षांपूर्वीच मांडलं गेलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांग नावाच्या अभियंत्याने १९०९ मध्ये फोनच्या कॉलवर लेख लिहिला, त्यातून रांगेचं शास्त्र उभं राहिलं. त्यातलं सगळ्यात साधं सूत्र असं: तासाला जितक्या गाड्या सोडता येतात त्यातून येणाऱ्या गाड्या वजा करा, आणि १ ला त्या उत्तराने भागा. ६० वजा ५७ म्हणजे ३. १ भागिले ३ तास, म्हणजे २० मिनिटं. प्रत्येक ट्रेलर सरासरी २० मिनिटं अडकणार.

आता त्याच लेनमध्ये दर गाडीमागे १० सेकंद वाचवू. ६० ऐवजी ५० सेकंद. तासाला ७२ गाड्या सुटतील. ७२ वजा ५७ म्हणजे १५, आणि १ भागिले १५ तास म्हणजे ४ मिनिटं.

दहा सेकंद वाचवले आणि वीस मिनिटांची चार मिनिटं झाली. रांगेत आधी सरासरी १९ ट्रेलर असायचे, आता जेमतेम ४. पुढच्या-मागच्या जागेसकट एका ट्रेलरला २० मीटर धरले, तर पावणेचारशे मीटरची रांग ऐंशी मीटरवर आली. नवी लेन बांधली नाही, जमीन घेतली नाही, झाड तोडलं नाही. कागदावरचं सूत्र आहे, प्रत्यक्षात गोष्टी इतक्या नीट वागत नाहीत, हे खरं. पण दिशा हीच असते: फाटक जेव्हा जवळजवळ पूर्ण ताकदीने चालत असतं, तेव्हा सेकंदांची बचत मिनिटांत परत मिळते.

टोलनाक्यांवर हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर २०१८-१९ मध्ये सरासरी ८ मिनिटं थांबावं लागायचं, ते २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये ४७ सेकंदांवर आलं. सुट्टे पैसे शोधायचे थोडे सेकंद गेले, त्याबरोबर मागच्या सगळ्यांची वाट बघणं गेलं.

यंत्रं नेमकं काय करतात

फास्टॅगच्या आत बॅटरी नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नाक्यावरचा रीडर रेडिओलहर सोडतो, त्याच लहरीतून स्टिकरमधली चिप क्षणभरापुरती वीज उचलते आणि आपला क्रमांक परत पाठवते. एवढंच. पैसे, गाडीचा प्रकार, खातं हे सगळं बँकेच्या संगणकात असतं. याला आरएफआयडी म्हणतात. न्हावा शेव्याला हीच युक्ती डब्यांवर २०१६ पासून वापरली जाते. बंदरातून निघताना डब्याला टॅग लागतो, वाटेतल्या टोलनाक्यांवरचे, गोदामांवरचे रीडर तो वाचतात, आणि माल मागवणारा माणूस पुण्यात बसून डब्याचा नंबर टाकून तो कुठे पोहोचला ते बघतो. पूर्वी त्यासाठी आम्हाला दिवसातून चाळीस फोन यायचे.

निर्यातीच्या डब्यांसाठी २०१७ मध्ये ई-सील आलं. आधी कारखान्यात माल भरून झाला की कस्टम्सच्या अधिकाऱ्यासमोर सील लावायचं, म्हणजे अधिकाऱ्याची वेळ मिळेपर्यंत गाडी कारखान्याच्या दारात उभी. आता निर्यातदार स्वतः सील लावतो, पण त्या सीलच्या पोटात चिप असते. सील केव्हा लावलं, कुठल्या गाडीवर, कुठल्या शिपिंग बिलासाठी (म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदासाठी), ही माहिती सीलच्या क्रमांकाशी जोडून आधीच वर चढवलेली असते. बंदरात सील वाचलं की कळतं, वाटेत कुणी हात लावलाय का. विश्वास टाकला, पण पुराव्यासकट. मला ही सगळ्यात शहाणी सुधारणा वाटते.

कॅमेऱ्यांचं काम मला फार आवडतं, कारण त्यात माझ्या जुन्या चुकीचा इलाज दडलेला आहे. गेटवर गाडी हळू पुढे सरकते तेव्हा कॅमेरे डब्यावरचा नंबर वाचतात. जगातल्या प्रत्येक डब्याचा नंबर एकाच पद्धतीचा: चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एक एकटा आकडा. तो एकटा आकडा तुम्ही ट्रेलरच्या मागे गाडी चालवताना बघितला असेल. तो तिथे उगाच नसतो, त्याला तपासणी अंक म्हणतात. आमच्या प्रशिक्षणात एक पुस्तकी नंबर शिकवतात: सी-एस-क्यू-यू ३०५४३८, आणि चौकटीत ३. प्रत्येक अक्षराला एक किंमत दिलेली असते. पहिल्या स्थानाची किंमत १ ने गुणायची, दुसऱ्याची २ ने, मग ४, ८, १६ असं दुप्पट करत शेवटच्या आकड्याला ५१२ ने. सगळ्यांची बेरीज इथे ६१८५ येते. तिला ११ ने भागलं की बाकी उरते ३. चौकटीतला आकडा तोच.

आता समजा कॅमेऱ्यावर धूळ होती आणि त्याने ८ ऐवजी ३ वाचला. बेरीज ३६२५ होते, बाकी ६ उरते. जुळलं नाही. यंत्राला तिथल्या तिथे कळतं की आपण चुकीचं वाचलं, आणि ते पुन्हा बघतं. किंवा समजा कुणी टाईप करताना ३०५४ च्या जागी ३५०४ लिहिलं, माझ्यासारखं. बाकी ८ येते. पुन्हा जुळलं नाही. एवढी साधी पडताळणी टाईप करायच्या खिडकीतच असती, तर पाटोद्याच्या त्या माणसाची रात्र वाचली असती. आता फॉर्म ऑनलाईन भरतो, आणि नंबर चुकला तर सॉफ्टवेअर पुढेच जाऊ देत नाही.

स्कॅनरबद्दल थोडक्यात. संशय आला की डबा बाजूला घेऊन, उघडून, माल उतरवून बघायचं, ही जुनी रीत. त्यात दिवस जायचा. ड्राइव्ह-थ्रू स्कॅनरमध्ये चालक गाडी हळूहळू कमानीखालून नेतो. चालकाची केबिन पुढे निघून गेल्यावरच क्ष-किरण सुरू होतात, आणि डब्याच्या आतल्या मालाची घनता पडद्यावर दिसते. कागदावर ‘कापड’ लिहिलेलं आणि चित्रात लोखंडासारखं गडद काहीतरी, असं दिसलं तरच डबा उघडायचा.

पण सगळे डबे स्कॅनरखालूनही नेता येत नाहीत, आणि न्यायची गरजही नाही. कुठला डबा तपासायचा हे कस्टम्सची जोखीम-प्रणाली ठरवते. ती आपल्याकडे २००५ पासून आहे. आयातदार कोण, माल कुठून आला, आधी काही गडबड झाली होती का, यावरून संगणक चाळणी लावतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद, २०२१ पासून सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावंच लागतं. २०२० पासून ते तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. म्हणजे जहाज अजून समुद्रात असतं तेव्हाच चारपैकी तीन प्रश्न सुटलेले असतात. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर ओटाय मेसा इथे १९९५ मध्ये हाच विचार माणसांसाठी केला गेला: ज्यांची पार्श्वभूमी आधीच तपासली आहे, त्यांना वेगळी लेन. सिंगापूरने मार्च २०२४ पासून मलेशियाच्या सीमेवर वुडलँड्स आणि तुआसला क्यूआर कोड सुरू केला. एका गाडीतल्या १० जणांपर्यंत सगळ्यांचा मिळून एक कोड, खिडकीतून पासपोर्टांचा गठ्ठा द्यायला नको.

सगळे एकाच वेळी आले तर

वरच्या हिशेबात एक गोष्ट मी पटकन ओलांडली होती: गाड्या बेभरवशाने येतात. खरी अडचण त्याहून वाईट आहे. आपणच त्यांना एकगठ्ठा यायला लावतो.

ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ती हवीच. शाळा सुटायच्या वेळी चाळीस फुटी ट्रेलर कापूरबावडीच्या चौकात वळताना मी पाहिला आहे, आणि त्याच्या मागच्या चाकाजवळ सायकलवर एक मुलगी होती. त्या बंदीविरुद्ध मी कधीच बोलणार नाही. पण बंदी सुटते तेव्हा काय होतं? शीळ फाट्यापासून, महापे रस्त्यापासून, खारेगावच्या अलीकडे, मिळेल त्या कडेला थांबलेल्या गाड्या एका क्षणी सुरू होतात. दिवसभरात पसरून जाणारा प्रवाह आपण धरणात अडवला आणि दरवाजे एकदम उघडले. रांगेच्या गणिताला याच्याइतकं वैऱ्यासारखं काही नसतं. पुढचं प्रत्येक फाटक, मग ते गोदामाचं असो की टोलचं, त्या लोंढ्याखाली बुडतं.

हा अनुभव आपल्याला एकट्यालाच आलेला नाही. लॉस एंजलिस आणि लाँग बीच या जोड बंदरांनी जुलै २००५ मध्ये दिवसा येणाऱ्या ट्रकवर जादा आकार लावला, म्हणजे लोक रात्री येतील. लोक रात्री येऊ लागले, आणि संध्याकाळी सहाला आकार संपायच्या आधीपासून ट्रक फाटकाबाहेर रांग लावून उभे राहू लागले. दिवसाची गर्दी हलली, पण सहाच्या ठोक्याची नवी गर्दी तयार झाली. शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. दिवसरात्र सारखाच आकार, आणि येण्याची वेळ आधी ठरवून घ्यायची.

वेळ ठरवून घेणं हे सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात कमी वापरलेलं शस्त्र आहे. एस्टोनियासारख्या लहानशा देशाने रशियाच्या सीमेवर ऑगस्ट २०११ मध्ये ते करून दाखवलं. नार्वा, कोइदुला, लुहामा या तीन नाक्यांवर ट्रक रस्त्याकडेला रांग लावायचे. चालकांना रांगेतली जागा जाईल म्हणून झोपही घेता यायची नाही. मग ऑनलाईन रांग आली. नंबर घरून लावा, वेळ जवळ आली की वाहनतळावर या, पाटीवर तुमचा गाडीनंबर झळकला की निघा. रांग तेवढीच राहिली तरी ती रस्त्यावरून उठून संगणकात गेली, आणि माणूस झोपू शकला. आपल्याकडे बांगलादेश सीमेवर पेट्रापोलला ट्रक कित्येक दिवस, कधी महिनाभरही अडकायचे. तिथे २०२२ मध्ये पश्चिम बंगालने आधी वेळ नोंदवायची पद्धत आणली.

न्हावा शेव्याला सामायिक पार्किंग प्लाझा झाला आहे. सुमारे ४५ हेक्टर जागा, दीड हजारांच्या आसपास ट्रेलर मावतात. कारखान्यातून भरून आलेल्या निर्यातीच्या गाड्या तिथे थांबतात, सील वाचलं जातं, कस्टम्सची परवानगी तिथेच मिळते, आणि मग गाडी टर्मिनलच्या गेटकडे जाते. करळच्या रस्त्याकडेला उभं राहण्यापेक्षा हे शतपटीने बरं. माझी एकच तळमळ आहे. ठाण्याच्या बंदीचं वेळापत्रक, प्लाझातली गर्दी, टर्मिनलच्या गेटची वेळ आणि जहाजाचा कट-ऑफ (त्या जहाजासाठी डबा आत घ्यायची शेवटची वेळ), या चार गोष्टींनी एकमेकांशी बोलायला हवं. भिवंडीतून गाडी निघण्याआधी चालकाच्या फोनवर आलं पाहिजे की आत्ता निघालास तर खारेगावला अडकशील, दोन तासांनी निघ, तुझा डबा रात्री दहाला घेऊ. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने मालवाहतुकीच्या वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांची माहिती एकत्र जोडणारं यूलिप नावाचं व्यासपीठ आणलं. वाहनांची नोंद, फास्टॅग, कस्टम्स, बंदरं, हे धागे तिथे मिळतात. शहराच्या वाहतूक पोलिसांचं बंदीचं वेळापत्रक हा त्यात घालायला काही अवघड धागा नाही.

न विचारलेला प्रश्न

यंत्रांबद्दल इतकं लिहिलं, तरी मी पाहिलेली सगळ्यात मोठी सुधारणा यंत्राने केलेली नाही. मुलुंडचा चेक नाका आठवा. आजही बसच्या पाटीवर, रिक्षावाल्याच्या तोंडी ‘चेक नाका’च आहे, पण तिथे चेक काय करायचे हे नव्या मुलांना माहीत नाही. जकात. मुंबईत माल आणायचा तर नाक्यावर थांबायचं, बिल दाखवायचं, मोजणी, पावती. मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर, सगळीकडे ट्रकच्या रांगा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात संपली. त्या रांगा कॅमेऱ्याने उठवल्या नाहीत. ‘पैसे दिलेस का’ हा प्रश्नच त्या जागेवरून उचलला गेला. मालाची चौकशी एप्रिल २०१८ पासून ई-वे बिलात गेली, जे गाडी निघण्याआधी भरायचं असतं. तपासायचं झालंच तर अधिकारी कुठेही, कुणाचंही तपासू शकतो. सगळ्यांना एका ठिकाणी थांबवावं लागत नाही.

मुंबईच्या पाच टोलनाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेही त्याच जातीचं. त्यामागचं अर्थकारण आणि राजकारण हा वेगळा विषय. पण रांगेच्या बाजूने बघायचं तर, कुठलीही यंत्रणा विकत घेण्याआधी एकदा विचारून पाहावं की हा प्रश्न इथेच, या फाटकावरच विचारायला हवा का. अटल सेतूची आखणी करताना हे ध्यानात ठेवलं गेलं. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलावर टोल आहे, पण तो गाडी न थांबवता कमानीवरच्या रीडरने घ्यायचा, या हिशेबानेच बांधणी झाली.

आता जिथे दुखतं तिथलं. फाटक वेगवान झालं की रांग मरत नाही, पुढे सरकते. गेटवर मिनिटात सुटलेला ट्रेलर आत यार्डात क्रेनची वाट बघत तासभर उभा राहतो, आणि आकडेवारीत मात्र ‘गेटचा वेळ कमी झाला’ असं छापून येतं. म्हणून मोजायचं असेल तर चालक घरून निघाला तिथपासून रिकामा होऊन परतला तिथपर्यंत मोजावं. दुसरं, सर्व्हर बसतो. बसला की कागदी पर्याय कुणाला आठवत नाही, कारण तो मोडीत काढलेला असतो, आणि मग एका तासाचा बिघाड रात्रभर पुरतो. वर दिलेलं गणित इथेही लागू आहे: तासभर बंद पडलेल्या लेनने ५७ गाड्या साचवल्या, आणि लेन तासाला जास्तीच्या ३ च उपसू शकत असेल, तर ती रांग फिटायला १९ तास लागतील.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त सलतं. हे सगळे ॲप, मेसेज, स्लॉट इंग्रजीत येतात. चालक बीडचा असतो, जौनपूरचा असतो, मुझफ्फरपूरचा असतो. त्याला ‘व्हॅलिडेशन फेल्ड’ असा मेसेज येतो आणि तो मला फोटो काढून पाठवतो. “ताई, हे काय म्हणतंय?” म्हणजे यंत्राने चालकाला सांगायचं ते शेवटी मीच फोनवर सांगते. दोन ओळी मराठीत आणि हिंदीत टाकायला किती खर्च येतो? प्लाझात पाणी, स्वच्छतागृह, पाठ टेकायला जागा, हेही मी वाहतूक तंत्रज्ञानातच धरते. झोपलेला चालक शीळ फाट्याच्या उतारावर ब्रेक वेळेवर दाबतो.

आमच्या ऑफिसात आता सगळं ऑनलाईन आहे. नंबर चुकला तर खिडकी लाल होते, सीलचा फोटो कारखान्यातूनच येतो. तरी माझी एक सवय सुटलेली नाही. फॉर्म पाठवायच्या आधी मी डब्याचा नंबर मोठ्याने वाचते, एकेक अक्षर, एकेक आकडा. समोर बसणारी मुलगी तो फोटोशी ताडून बघते आणि शेवटी चौकटीतला आकडा ती सांगते, मी नाही. जुळला की ती मान हलवते. मग मी बटण दाबते, आणि तिकडे खोपोलीच्या कारखान्यात उभ्या असलेल्या चालकाला फोन लावते, की भाऊ, निघा.